आचार्यांचे कान आणि शेटजींची शाल

नदीकाठच्या एका मठात राहणाऱ्या एका वृद्ध आचार्यांपाशी एकदा शालींचा एवढा साठा झाला, की पेटाऱ्याचे झाकण बसवायला शिष्याला त्यावर चढून बसावे लागे. विद्वान दिसला की त्याला शाल पांघरवण्याची आपल्याकडे रीतच आहे. आचार्य सभेतून परत येत, नवी शाल पेटाऱ्यात ठेवीत आणि मायाप्पा नावाच्या धनगराने दिलेले घोंगडे गुंडाळून पोथी वाचत बसत.

माघ सरत आला, तरी सकाळचा गारठा हटत नव्हता. एके दिवशी पेटारा उघडला, तर आतून लोकर खाणारी कसर भुरकन उडाली. आचार्य शिष्याला म्हणाले, "बाळ, हे सगळं लोकरीचं सामान धुऊन, वाळवून नीट लावून ठेव. रिठ्याचं गार पाणी घे. चोळू नकोस, पिळू नकोस, दोरीवर टांगू नकोस. सावलीत खाटेवर आडवं पसर आणि ठेवताना मधे कडुलिंबाचा पाला घाल."

शिष्य हुशार होता, आणि त्याला व्यवस्थेचे भारी वेड होते. कपडा भिजवण्याआधीच त्याने प्रत्येकाची चिठ्ठी तयार केली : दात्याचे नाव, प्रसंग, मिती. मग त्याने मानाप्रमाणे क्रम लावला. सर्वांत वर गावच्या मोठ्या व्यापाऱ्याची, म्हणजे शेटजींची, केशरी काश्मिरी शाल. सर्वांत खाली मायाप्पाचे घोंगडे, तेही बिनचिठ्ठीचे, कारण ते दिले तेव्हा समारंभ कुठे झाला होता?

सगळे कपडे त्याने गुरूंनी सांगितल्याप्रमाणे धुतले. पण शेटजींच्या शालीलाही इतरांसारखेच गार पाणी? हे काही त्याच्या मनाला पटेना. धोतर शुभ्र करायचे, तर ते उकळत्या पाण्यात घालून दगडावर आपटायचे, एवढे धुण्याचे शास्त्र त्याला लहानपणापासून पाठ होते. मानाच्या शालीला त्याहून कमी कसे चालेल? त्याने शाल चांगली उकळली, देवाचे नाव घेत एकशे आठ वेळा दगडावर आपटली, दोघांचे बळ लावून पिळली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांना दिसावी म्हणून भर उन्हात, रस्त्याकडच्या फरशीवर पसरली.

दुपार कलल्यावर तो घडी घालायला गेला, तर घडी घालण्याजोगे काही उरलेच नव्हते. शाल आकसून जेमतेम दोन हातांची झाली होती. जाड, ताठ, घोड्याच्या खोगिराखाली घालावी तशी. त्याने ती ओढून पाहिली. एका टोकावर बसून दुसरे टोक ओढले. शाल तसूभरही हलली नाही, तोच मात्र मागे कोलमडला.

तेवढ्यात निरोप आला, की शेटजी उद्या सकाळी दर्शनाला येत आहेत.

शेटजी दरवर्षी येत आणि दरवर्षी त्या शालीची विचारपूस करीत. शिष्याची सात वर्षांची विद्या झाली होती, एकच ग्रंथ राहिला होता, आणि तिकडे वडिलांनी मुलगा पंडित होऊन येणार म्हणून गावभर सांगून ठेवले होते. आता मठातून हाकलून दिलेला मुलगा कोणत्या तोंडाने गावात शिरणार? त्याने बोचके बांधले, शाल गुरूंच्या पायांशी ठेवली आणि सगळे सांगून टाकले. "गुरुजी, मी निघतो," तो म्हणाला.

आचार्यांनी शाल उलटीसुलटी करून पाहिली. "निघतोस कुठे? उद्या शेटजी यायचेत. पोहे कोण करणार?"

आपल्याला क्षमा झाली, की फक्त पोह्यांपुरती मुदत मिळाली, हे शिष्याला कळेना.

सकाळी शेटजी येऊन बसले, आणि आचार्य बाहेर आले ते ती शाल डोक्यावरून घेऊन हनुवटीखाली बांधूनच. शिष्याच्या हातातली पोह्यांची बशी निसटता निसटता राहिली.

"महाराज, माझी शाल जपून ठेवलीत ना?" शेटजींनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली. "खास काश्मिरातून मागवली होती. केशरी रंग, काठावर आंब्यांची नक्षी."

"आहे की," आचार्य म्हणाले.

"आणि हे कानाला काय बांधलंय? झकास उबदार दिसतंय. कोणी दिलं?"

आचार्यांनी फक्त शिष्याकडे पाहिले.

शेटजींनी शाल ओळखली नव्हती. आपण गप्प राहिलो, तर सगळेच निभावून जात होते. शिष्याने बशी खाली ठेवली. "शेटजी, ही तुमचीच शाल. मी उकळत्या पाण्यात घातली. चूक माझी आहे, गुरुजींची नाही."

शेटजींनी वाकून पाहिले. काठावरचे आंबे मसुरीएवढे झाले होते. त्यांचा चेहरा फुगू लागला, तसे आचार्य म्हणाले, "रागावण्याआधी ऐका. सात वर्षं ही शाल पेटाऱ्यात होती आणि माझे कान गार होते. ती मी जपत बसलो, हा माझा दोष. देताना तुमचं लक्ष सभेकडे होतं, म्हणून आज तुम्हाला ती ओळखू आली नाही. आणि या पोरानं बाकीचे कपडे लोकर म्हणून धुतले, ते धड राहिले. तुमची शाल तेवढी त्यानं शेटजींची म्हणून धुतली. लोकरीला दात्याचं नाव कुठलं कळतंय? तिला गार पाणी कळतं आणि सावली कळते."

शेटजींनी शालीचा काठ बोटांनी चाचपून पाहिला. मग ते हळूच म्हणाले, "महाराज, कान खरंच उबदार राहतात?"

"आज पहिल्यांदाच राहिलेत."

शेटजींनी स्वतःच्या खांद्यावरची शाल काढून शिष्यापुढे ठेवली. "मग हीपण उकळून दे रे बाबा. दुकानात बसलं, की वारा नेमका कानातच शिरतो."

शेटजी गेल्यावर शिष्याने भीतभीत विचारले, "गुरुजी, मग मी राहू ना?"

"मघाशी तू गप्प बसला असतास, तर संध्याकाळी मीच तुला निरोप दिला असता," आचार्य म्हणाले.

शिष्याचे डोळे भरून आले. शाल बिघडवल्याने आपले काही जाणार नव्हते. मघाच्या त्या एका क्षणात मात्र सात वर्षे जाणार होती. त्याने गुरूंना वाकून नमस्कार केला आणि शेटजींच्या शालीसाठी पाणी तापत ठेवले.