यमाच्या हातातला दोर

घाटमाथ्यावरच्या एका गावात लिंबाजी नावाचा एक दोर वळणारा राहत होता. विहिरीचा दोर असो की बैलाचा कासरा, लिंबाजीने वळलेला दोर तुटला असे कुणी ऐकले नव्हते. दोराला पीळ देणारे चाक तो फिरवी. त्याची मुलगी गोजरा कमरेला अंबाडीच्या तंतूंचा वाख बांधून समोर उभी राही आणि वाख सोडत सोडत एकेक पाऊल मागे जाई. ती मागे जाई तसतसा दोर वाढे. अंगण संपले की रस्त्यावर, रस्त्यावरून पिंपळाच्या पारापर्यंत.

पूर्वी असे मागे जाणारी त्याची बायको तुळसा होती. एका उन्हाळ्यात ती तापाने गेली. ज्या मागच्या खोलीत ती गेली, त्या खोलीचे दार लिंबाजीने ओढून घेतले आणि कडी घातली. दारालगत भिंतीतल्या देवळीत तुळसा रोज सांजेला दिवा लावत असे. तोही विझला तो विझलाच. लिंबाजी रडला नाही, कुणाजवळ काही बोलला नाही. फक्त त्याच्या दोरांना पूर्वीपेक्षा जास्त पीळ बसू लागला. गिऱ्हाइके म्हणत, "दोर पक्का आहे, पण हाताला बोचतो."

पुढे गोजराला घाटाखालून स्थळ आले. मुलगा शिदू, खाडीकाठी होड्या बांधणारा, अबोल पण हसतमुख. त्याची आई सारजाबाई तोंडाने फटकळ, पण मनाने मोकळी. गोजराला मुलगा आवडला. लिंबाजीने खोट काढायची पुष्कळ खटपट केली आणि शेवटी म्हणाला, "खाली उकाडा फार असतो."

त्याची बहीण भागू तिथेच धान्य निवडत बसली होती. ती म्हणाली, "दादा, उकाड्यात माणसं राहत नाहीत का? की तिथं नुसते मासेच संसार करतात?"

नाही म्हणायचे तर कारण सांगावे लागणार होते. आणि खरे कारण लिंबाजीला स्वतःशीसुद्धा उच्चारता येत नव्हते.

त्या गावाची एक रीत होती. सुपारी फुटून लग्न ठरण्याआधी, देवीच्या जत्रेत, मुलीने तान्हाईच्या हातातून शकुनाचा पत्ता ओढायचा. तान्हाई ही एक म्हातारी. तिच्याजवळ कापडावर लाख चढवून रंगवलेले गोल पत्ते होते. कशावर राजा, कशावर वेडा, कशावर चंद्र, कशावर फिरते चाक, कशावर कोसळणारा बुरूज. एकावर यम होता. ज्याने पत्ता ओढला त्याने तो हातात धरून आपल्याला काय दिसते ते आधी सांगायचे. तान्हाई त्यानंतर बोलायची, तेही थोडकेच.

जत्रेच्या आदल्या दिवशी लिंबाजी तिच्या पालावर गेला.

"तान्हाई, उद्या माझी लेक येईल. तिच्या हाताला यम लागू दे."

म्हातारीने पत्ते पुसता पुसता मान वर केली. "लोक राजा मागायला येतात बाबा. लेकीसाठी यम मागणारा बाप आजच बघितला."

"तिला काही होऊ नये. स्थळ तेवढं मोडावं."

"मुलगा वाईट आहे?"

"नाही."

"घर वाईट आहे?"

"नाही."

"मग?"

लिंबाजीने बरोबर आणलेला नवा दोर तिच्यापुढे ठेवला. तान्हाईने तो हातात घेतला, त्यावरून अंगठा फिरवला आणि परत केला.

"बोचतो," ती म्हणाली. "मला नको. यम मात्र लावीन वरती. पण वाचायचा तिनंच. रीत मी मोडणार नाही."

"यमाचा पत्ता काय वाचायचा? पोरासोरांनाही कळतो."

"मला सबंध जन्मात कळला नाही. तुमच्या गावची पोरं हुशार दिसतात," तान्हाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी देवळाच्या ओट्यावर माणसे जमली. एका बाजूला सारजाबाई आणि शिदू, दुसऱ्या बाजूला लिंबाजी आणि भागू. गोजरा मध्ये बसली. तान्हाईने पत्ते पालथे धरले. गोजराने वरचा पत्ता ओढला आणि उलटला.

यम. लाल वस्त्र, काळा रेडा, हातात दोर.

भागूने तोंडाला पदर लावला. सारजाबाई उठून उभी राहिली. "शिदू, चल. देवीनंच नको म्हटलं, तर आपण कोण?"

शिदू उठला नाही. तो गोजराकडे पाहत राहिला.

लिंबाजीने श्वास सोडला. मनासारखे झाले होते. पण ज्या क्षणी बरे वाटले, त्याच क्षणी त्याला लेकीचे तोंड दिसले, आणि ते बरे वाटणे तिथेच संपले.

"बसा बाई," तान्हाई सारजाबाईला म्हणाली. "अजून मुलगी बोलली नाही. पोरी, काय दिसतं?"

गोजराने पत्ता डोळ्यांजवळ नेला. पत्ता धरताना तिचा अंगठा खालच्या कडेवर आला होता. तो तिने बाजूला सरकवला. तिथे, रेड्याच्या पाठीमागे, एक लहानसे घर रंगवलेले होते.

"यम चाललाय," ती सावकाश म्हणाली. "कुणाला तरी घेऊन चाललाय. पण मागं घर आहे. घराचं दार उघडंच आहे. देवळीत दिवा आहे, आणि तो पेटलेला आहे." थोडे थांबून ती म्हणाली, "आमची आई गेली तेव्हा आम्ही दार लावून घेतलं. मला वाटायचं, यम आला की दार लावायचंच असतं. या चित्रकारानं ते उघडं ठेवलंय."

"भीती नाही वाटत?" सारजाबाईने विचारले. ती अजून उभीच होती.

"नाही वाटत. पण आबांना वाटते. रोज वाटते. मी पारापर्यंत मागं गेले, तरी चाक थांबवून हाक मारतात." गोजराने पत्ता खाली ठेवला. "आबा, तुमचं मन घाबरत असेल तर मी जात नाही. मी नाही म्हणते. तुमच्यावर बोल येणार नाही."

आता लिंबाजीने फक्त गप्प बसायचे होते. गप्प बसणे त्याला चांगले जमत असे. लेक घरी राहणार होती, स्थळ मोडणार होते, आणि दोष सगळा पत्त्याचा. लिंबाजी खाली मान घालून बसला.

तान्हाईने तो पत्ता उचलून त्याच्या हातात दिला. "तूही सांग. काय दिसतं?"

लिंबाजीला दार दिसले नाही, दिवाही दिसला नाही. दोर वळणाऱ्याची नजर आधी दोरावरच गेली. यमाचा दोर म्हटला की त्याच्या मनात फास होता, आवळलेला. कितीतरी रात्री त्याने तो तुळसाच्या गळ्याभोवती पाहिला होता. पण या चित्रात फास नव्हता. दोर सैल होता. त्याचे दुसरे टोक रेड्यामागून चालणाऱ्या एका इवल्याशा बाईच्या कमरेला होते. नदी ओलांडताना लहान मुलाच्या कमरेला बांधतात तसे.

"ओढत नाही," लिंबाजी म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला. "तिला ओढून नेत नाही. धरून नेतोय." त्याने पत्त्यावर बोट ठेवले. "यमाच्या हातातला दोरसुद्धा सैल आहे. आवळून धरलंय ते मी."

मग त्याने मान वर केली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, "हा पत्ता गोजराच्या नशिबानं आला नाही. काल येऊन मी मागितला. मुलगा चांगला आहे, घर चांगलं आहे. मला एकट्याला राहायची भीती वाटली."

गोजरा बापाकडे पाहत होती आणि तिचे डोळे भरले होते. सारजाबाई हळूच खाली बसली.

"अहो व्याही," ती म्हणाली, "मुलगी द्यायचं जिवावर आलं होतं, तर तसं म्हणायचं. चार दिवस राहून समजूत काढली असती. त्या यमाला बिचाऱ्याला कशाला घाटावर चढवलंत?"

आधी भागू हसली, मग सगळा ओटा हसला. सारजाबाईने आपल्याला व्याही म्हटलेले लिंबाजीच्या उशिरा ध्यानात आले. मग तोही हसला. छातीवरून धोंडा उतरावा तसे त्याला वाटले. तान्हाईने पत्ता फडक्याने पुसून इतर पत्त्यांत सारला.

गोजरा त्याच्याजवळ येऊन बसली. "आबा, मी चाकाजवळच बसून राहिले असते तर दोर झाला असता का?"

"नाही," लिंबाजी म्हणाला.

"मग?"

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला. "जा, सुपारी फोडायची वेळ झाली."

सांजेला घरी आल्यावर त्याने मागच्या खोलीची कडी काढली. दार कुरकुरले. आत तुळसाचे लुगडे दांडीवर तसेच होते. तो त्याच्यापाशी पुष्कळ वेळ उभा राहिला, आणि त्याने इतक्या दिवसांचे रडून घेतले. गोजराने तेल आणले. देवळीत दिवा लागला. दार उघडेच राहिले.

लग्न झाले, गोजरा घाटाखाली गेली. जावयाच्या होडीसाठी लिंबाजीने नवा दोर वळायला घेतला. वाख कमरेला बांधून भागू मागे मागे जात होती आणि कुरकुरत होती, "या वयात उलटं चालायला लावतोस दादा! पडले तर तुझ्या नावानं ओरडेन."

"ओरड," लिंबाजी म्हणाला. "पण जात राहा."

दोर पिंपळाच्या पाराच्याही पुढे गेला. तो पुरेसा पक्का होता, आणि हाताला बोचत नव्हता.

तात्पर्य: आपल्या भीतीला नशिबाचे नाव देऊन कुणाला बांधून ठेवू नये. माया ही दोरासारखी असते; माणूस दूर गेल्याने ती तुटत नाही, वाढते.