गेनबाची आडवी बाटली

एका गावात एक भोळा गेनबा होता. सांगितलेलं काम तो मनापासून करायचा, पंचाईत तेवढीच होती.

गावात मोतीशेठचं देशी दारूचं दुकान होतं. गेनबाच्या बायकोचा, हौसाचा भाऊ तिथंच पडीक. भावजय रोज हौसाकडे येऊन रडायची. शेवटी हौसाने बायका गोळा केल्या आणि सरकारकडून मतदान मागून घेतलं. मत फक्त बायकांचं. कागदावर दोन चित्रं. उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी म्हणजे बंद. पण गावातल्या अर्ध्याहून जास्त बायकांनी आडवीवर शिक्का मारला, तरच बंद. जी घरी बसली, ती शेठच्या पारड्यात.

हौसा म्हणाली, "अवं, बाटली आडवी करायची बरं का!"

गेनबाने घरापासून सुरुवात केली. गोडेतेलाची बाटली आडवी केली. तेल चुलीपर्यंत गेलं.

"अवं, घरातली न्हाई! त्या दुकानातली!"

गेनबा दुकानात गेला. एक बाटली आडवी केली. शेठने दोन थोबाडीत ठेवून दिल्या.

हौसाने गालाला हळद लावली. "दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायच्या आधी मालकाला इचारावं!"

मग शेजाऱ्याची शेळी अंगणातले पापड खायला लागली. गेनबा मालकाची वाट बघत तिच्याशेजारी बसला. पापड संपले.

"वाट कसली बघता? उठायचं, मालकाच्या दारात जायचं!"

"बरं," गेनबा म्हणाला.

मतदानाच्या दिवशी हौसा सकाळपासून शाळेपाशी उभी होती. मळ्यावरच्या बायका आल्या तरच जमणार होतं. तिने गेनबाला ट्रॅक्टर दिला. "त्यास्नी घिऊन या. बाटली आडवी करायचीय म्हणावं."

गेनबाने विचार केला. बाटली कुणाची? शेठची. तो सरळ शेठच्या दारात गेला.

"शेठ, मळ्यावरच्या बायका तुमची बाटली आडवी करायला आणू का?"

शेठ दचकला. मग गोड हसला. मतदान पाचला संपणार होतं. "आण की! पण ऊन लई हाय. दिस मावळल्यावर आण."

गेनबाने वाकून रामराम केला आणि लिंबाखाली ताणून दिली.

दिवस मावळल्यावर बायकांनी भरलेली ट्रॉली शाळेपाशी आली. दाराला कुलूप. पायरीवर हौसा रडत होती. बायका खवळल्या.

"आता कुठं करायची रं आडवी?"

"हितं कुठं? दुकानात! मालकाला इचारलंय मी."

ट्रॉली दुकानापुढे थांबली. बायका आत शिरल्या. हौसाने डोळे पुसले, पदर खोचला आणि तीही शिरली. एकसुद्धा बाटली उभी राहिली नाही. दारू गटारातून पार चावडीपर्यंत वाहिली.

शेठ बोंबलत धावत आला. "कुणाला इचारून केलं रं हे?"

गेनबाने हात जोडले. "तुमास्नीच की, शेठ! ऊन उतरस्तोवर थांबलो बी."