गुंजीचा पहिला झोका

बसलात का मांडी घालून? मग ऐका.

मेस्त्रीकाका लाकडाचे घोडे करायचे. डुलणारे घोडे. करवतीने कापायचे, खर्र खर्र. पटाशीने कोरायचे, टुक टुक. लाल रंग, पिवळा लगाम, काळेभोर डोळे. बघतच राहावं असा घोडा.

त्यांच्या कारखान्यात राहायची एक उंदराची पोर. नाव तिचं गुंजी. केवढीशी? तुमच्या अंगठ्याएवढी. शेपटी मात्र लांबच लांब.

काकांचा एक नियम होता. घोडा तयार झाला, की पहिला झोका गुंजीचा. एवढीशी गुंजी बसली आणि घोडा डुलला, म्हणजे घोडा झकास. मग तो कुणालाही डुलवणार.

आज नवा घोडा झाला. दुपारी टेम्पो यायचा होता. घोडा बालवाडीत जायचा होता. गुंजी आली तुरुतुरु. पाठीवर चढली सरसर. शेपटी सावरून बसली.

घोडा डुललाच नाही.

गुंजीने जोर लावला. घोडा हूं नाही की चूं नाही. गुंजीचं तोंड एवढंसं झालं. टेम्पो आला की घोडा जाणार. मग झोका कुठला?

"घोडोबा, घोडोबा, डुला ना."

"नाही गं बाई, नाही. पायाखालच्या पट्टीला टेंगूळ आलंय. काका रंधा मारतील, तर मी डुलीन."

गुंजी गेली काकांकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"काका, काका, रंधा मारा ना.
घोडा डुलेना,
मी झोका घेऊ कशी?"

"नाही गं बाई, नाही. रंधा झालाय बोथट. धारेचा दगड कोरडा. कळशी पाणी आणील, तर मी रंधा मारीन."

गुंजी गेली कळशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"कळशीताई, कळशीताई, पाणी आण ना.
काका रंधा मारेनात,
घोडा डुलेना,
मी झोका घेऊ कशी?"

"नाही गं बाई, नाही. माझ्या गळ्याचा दोर तुटला. विहिरीत उतरू कशी? मावशी दोर वळील, तर मी पाणी आणीन."

शेजारी राहायची शेवंतामावशी. काथ्याचे दोर वळायची. गुंजी गेली मावशीकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"मावशी, मावशी, दोर वळ ना.
कळशी पाणी आणेना,
काका रंधा मारेनात,
घोडा डुलेना,
मी झोका घेऊ कशी?"

"नाय गो बाय, नाय. काथ्या संपला. हात बसलेत रिकामे. माड नारळ टाकील, तर मी दोर वळीन."

गुंजी गेली माडाकडे. तुरुतुरु तुरुतुरु. माड केवढा उंच! गुंजीने मान वर केली, ती पाठीवरच पडली. पडल्या पडल्याच म्हणाली,

"माडदादा, माडदादा, नारळ टाक ना.
मावशी दोर वळेना,
कळशी पाणी आणेना,
काका रंधा मारेनात,
घोडा डुलेना,
मी झोका घेऊ कशी?"

"नाही गं बाई, नाही. मी आपला आपण हलत नाही. वारा वाहील, तर मी नारळ टाकीन."

वारा बसला होता कुंपणावर, गाल फुगवून. गुंजी गेली वाऱ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु.

"वारोबा, वारोबा, वाहा ना.
माड नारळ टाकेना,
मावशी दोर वळेना,
कळशी पाणी आणेना,
काका रंधा मारेनात,
घोडा डुलेना,
मी झोका घेऊ कशी?"

"नाही गं बाई, नाही. मी आलो की काका धाडकन दार लावतात. भुसा उडतो म्हणे. दार उघडेल, तर मी वाहीन."

आता आली का पंचाईत? पण गुंजी कसली ऐकते. धूम पळत घरी आली. शेपटीने भुसा झाडायला लागली. सुर्र सुर्र, सुर्र सुर्र. घोड्याखालचा झाडला. खिडकीखालचा झाडला. कोपऱ्यात केला मोठा ढीग.

काकांनी चष्मा वर केला. "अगं, आज काय दिवाळी आहे का?"

"वारा रुसलाय, काका. तुम्ही दार लावता ना, म्हणून."

काका खो खो हसले. ढिगावर गोणपाट टाकलं. दोन्ही दारं उघडली सताड.

मग काय विचारता!

वारा वाहिला, सूं सूं.
माडाने नारळ टाकले, धप्प धप्प.
मावशीने नारळ सोलले, काथ्या कुटला, दोर वळला, गर्र गर्र.
कळशीने पाणी आणलं, बुडुक बुडुक.
काकांनी धार लावली, खस्स खस्स.
रंधा मारला, सर्र सर्र.
टेंगूळ गेलं.

तेवढ्यात टेम्पो आला. पों पों.

"मेस्त्री, भरू का घोडा?"

"थांब बाबा. आधी आमची गुंजी."

गुंजी चढली सरसर. शेपटी सावरून बसली. आणि घोडा डुलला. डुलुक. डुलुक डुलुक. पुढे गेला, मागे आला. गुंजीला काय आनंद झाला म्हणून सांगू!

"झालं का?" टेम्पोवाल्याने विचारलं.

"अजून एक," गुंजी म्हणाली. डुलुक डुलुक.

"झालं का?"

"अजून एक." डुलुक डुलुक.

टेम्पोवाल्याने टेम्पो बंद केला. पायरीवर बसला आणि काकांकडे चहा मागितला.