तहानलेला पाहुणा आणि अठरा रांजण

फार पूर्वी, आफ्रिकेच्या पश्चिम काठावर, समुद्र दिसत नाही पण ऐकू येतो इतक्या अंतरावर एक गाव होतं. त्या गावात उकाडा म्हणजे पाहुणा नव्हे, घरचाच माणूस. बारा महिने ठाण मांडून बसलेला. ये-जा करायचा तो पाऊस. आधी थोरला पाऊस यायचा, तो चार महिने हलायचा नाही. मग दोन-तीन आठवडे कुठेतरी गडप व्हायचा. मग धाकटा पाऊस यायचा, आणि तोही गेला की कोरडे महिने लागायचे. ओढा आटून करंगळीएवढा उरायचा. तेव्हा घरोघरी दाराशी ठेवलेला मातीचा रांजण हाच काय तो आधार. पहाटे ओढ्यावरून पाणी आणून तो भरायचा आणि दिवसभर पुरवून पुरवून वापरायचा.

हे रांजण घडवणारी गावात एकच कुंभारीण होती. तिच्याकडे चाक नव्हतं. मातीच्या जाड वळकट्या एकीवर एक रचत ती रांजणाभोवती उलट्या पावलांनी गोल गोल फिरायची. रांजण जागेवर, कुंभारीण फिरती. अशी तीस वर्षं फिरल्यामुळे तिला वाटायचं, आपण सगळं सगळ्या बाजूंनी बघितलेलं आहे.

तिचा मुलगा एकदा मिठाच्या तांड्याबरोबर उत्तरेला गेला. पार वाळवंटाच्या कडेला, पंधरा दिवसांची वाट. "मीठ घेऊन गेला आणि बायको घेऊन आला," शेजारची तेलवाली सगळ्यांना सांगायची. "मीठ तरी उपयोगी पडलं असतं."

सून बोलायची कमी आणि बघायची जास्त. येताना तिनं माहेरून एकच गोष्ट आणली होती. तिकडच्या रानातल्या झाडाच्या बियांचं लोणी, मुठीएवढ्या तुंब्यात भरलेलं. निघताना आईनं हातात दिलेलं. माहेरी ते लोणी घट्ट असायचं. गार पहाटे सगळी भावंडं एका घोंगडीत शेकोटीजवळ बसायची आणि आई नखानं लोणी खरवडून एकेकाच्या ओठांना लावायची. बाहेर धुळीचा वारा सुटलेला असायचा, आणि सूर्य इतका फिका की डोळे न मिटता बघावा. या गावात आल्यापासून मात्र ते लोणी पातळ झालं होतं. तुंबा कलवला की आत डुचमळायचं. सूनही तशीच झाली होती. कलवतील तिकडे कलायची.

त्या वर्षी थोरला पाऊस गेला तेव्हा कुंभारणीच्या छपराखाली अठरा कच्चे रांजण सुकत होते. पाच दिवस पावसाचा थेंब नाही. सहाव्या दिवशी कुंभारीण शेजारच्या गावच्या बाजाराला निघाली. रांजण आतच राहू देत, असं ती काही म्हणाली नाही. त्या गावात ते कुणाला सांगावं लागत नसे.

सुनेच्या माहेरी पाऊस वर्षातून एकदाच यायचा आणि गेला की नऊ महिने मागे वळून बघायचा नाही. तिला वाटलं, पाऊस संपला. आता उन्हात ठेवले तर रांजण लवकर सुकतील, सासूबाई घरी येतील आणि बघतच राहतील. नवरा खाडीवर मासेमारीला गेला होता. तिनं एकटीनं एकेक रांजण चटईवर बसवला आणि ओढत ओढत अंगणात आणला. अठराही. मग ती समाधानानं सरपणाला गेली.

दुपारी पाऊस आला. गेला नव्हताच तो, जरा टेकला होता.

कुंभारीण परतली तेव्हा अंगणात रांजण नव्हते. अंगणच रांजणांच्या मातीचं झालं होतं. सून मधोमध उभी होती, कोपरापर्यंत हात चिखलानं माखलेले. तिनं वाचवायचा प्रयत्न केला होता हे दिसत होतं, आणि त्यामुळे दृश्य अधिकच वाईट दिसत होतं.

"उत्तरेत रांजण असेच करतात का गं?" तेलवालीनं कुंपणावरून विचारलं. "पातळ?"

कुंभारीण ओरडली नाही. त्यापेक्षा वाईट, ती शांतपणे म्हणाली, "आजपासून या घरात हवेबद्दल तू अवाक्षर काढायचं नाहीस. ऊन, पाऊस, ढग, काहीच नाही. कळलं?"

"हो, आई."

सुनेनं शब्द इतका पाळला की वाटेत कुणी सहज म्हणालं, "आज फार उकडतंय, नाही?" तरी ती खाली बघायची आणि म्हणायची, "आईंना विचारून सांगते."

कुंभारीण पुन्हा कामाला लागली. पण तोवर धाकटा पाऊस आला आणि मातीची खाण पाण्यानं भरली. चिखल उपसून माती काढायची, ती निवळायची, मळायची, मग वळायची. दर वर्षी ज्या सुमाराला रांजण भाजून घरोघरी पोहोचलेले असत, त्या सुमाराला अठरा रांजण ओलेच होते. पाऊस निघून गेला. ओढा बारीक होऊ लागला. लोक येऊन छपराखाली डोकावून जाऊ लागले. जाताना सगळे सुनेकडे एकदा बघून जात.

अशात एके पहाटे सून जागी झाली आणि तिला काहीतरी वेगळं वाटलं. मानेवर घाम नव्हता. नाकात हुळहुळत होतं. तिनं सवयीनं उशाचा तुंबा उचलून कलवला.

आत काही डुचमळलं नाही.

तिनं नख लावून पाहिलं. लोणी घट्ट झालं होतं.

ती धावत दारात गेली. ओढ्यापलीकडची झाडं नाहीशी झाली होती. सगळीकडे दुधट धूळ, आणि तिच्यामागे धुऊन ठेवलेल्या थाळीसारखा सूर्य. तिनं खोल श्वास घेतला. तोच वास. शेकोटीचा, घोंगडीचा, आईच्या नखाचा. हा वारा तिच्या घरावरून आला होता. कदाचित तिच्या अंगणातली चिमूटभर धूळही त्याच्याबरोबर असेल. ती डोळे पुसत हसली, आणि मग तिची नजर छपराकडे गेली.

तिच्या माहेरी या वाऱ्यात दोन गोष्टी उघड्या ठेवत नसत, तान्हं मूल आणि कच्ची माती.

इथे तो वारा दर वर्षी उशिरा यायचा, दमलेला असायचा, दोन-चार दिवस लोकांना खोकायला लावून निघून जायचा. तोवर रांजण भाजून झालेले असायचे. कच्च्या रांजणांची आणि त्याची गाठ कधी पडलीच नव्हती.

कुंभारीण बाहेर आली आणि तिचा चेहरा उजळला. "अरे वा! काय कोरडा वारा सुटलाय! दोन दिवसांत खडखडीत होतील." तिनं मुलाला हाक मारली. "ऊठ रे! सगळे रांजण अंगणात काढ!"

सून खांबाला धरून उभी राहिली. गप्प बसणं किती सोपं होतं! रांजण तडकले तर दोष वाऱ्याचा. तिला तर बोलायचीच बंदी. आणि बोलून पुन्हा चूक निघाली, तर या घरात तिचा शब्द कायमचा संपला. मग तिचं लक्ष सासूच्या पायांकडे गेलं. उलट्या पावलांनी फिरून फिरून टाचा फुटल्या होत्या. अठरा रांजण त्या बाईनं दुसऱ्यांदा वळले होते, आणि त्या दिवसानंतर एकदाही तो विषय काढला नव्हता.

"आई," सून म्हणाली, "माझ्या माहेरहून पाहुणा आलाय."

त्या गावात रीत होती. पाहुणा आला की हातातलं काम टाकायचं, आधी त्याला वाडगाभर पाणी द्यायचं. पाणी पिऊन होईपर्यंत नावसुद्धा विचारायचं नाही.

"अगं, मग दारात ताटकळत काय ठेवलंस?" कुंभारणीनं घाईघाईनं वाडगा भरला, डोईचा कपडा नीट केला आणि ती अंगणाबाहेर गेली. वाटेवर कुणीच नव्हतं. नुसती धूळ.

"कुठाय?"

"तुमच्या तोंडावर येतोय ना, तोच."

कुंपणापलीकडे तेलवाली फिसकन हसली. कुंभारीण वाडगा घेऊन तशीच उभी राहिली. "मी तुला काय बजावलं होतं?"

"हवेबद्दल बोलायचं नाही." सून एक पाऊल पुढे आली. "मी पाहुण्याबद्दल बोलतेय."

नवरा जमिनीकडे असा बघू लागला, जणू तिथे मासे आहेत.

मग कुंभारणीनं विचारलं, "कसा आहे हा तुझा पाहुणा?"

"मनानं चांगला आहे. पण फार तहानलेला असतो, आई. पंधरा दिवसांच्या वाटेत त्याला पाणी मिळत नाही. मग दिसेल ते ओलं पीत सुटतो. ओठांतलं पितो, लाकडातलं पितो, मातीतलं पितो. रांजण बाहेरून पिऊन टाकतो, आत ओल तशीच राहते, आणि मग…"

"तडकतो," कुंभारीण म्हणाली. वाऱ्याची तहान तिला माहीत नव्हती, पण माती माहीत होती. "आणि तुमच्याकडे काय करतात?"

"त्याला आधी पाणी ठेवतात. रांजणांमध्ये पाण्याचे वाडगे, आणि रांजणांना ओली पोती. रोज थोडं थोडं उघडायचं."

कुंभारणीला पटलं होतं. पण तीस वर्षं एका क्षणात खाली कशी ठेवणार? "बरं," ती म्हणाली. "एक रांजण मी बाहेर ठेवते. दुपारपर्यंत. बाकीचे तुझ्या पाहुण्याच्या रीतीनं." आणि तिनं मुद्दाम सगळ्यांत मोठा, सगळ्यांत देखणा निवडला.

सून आणि नवरा ओढ्याकडे धावले. घरात पोती होती तेवढी भिजवली. ती संपल्यावर केळीची पानं ओली करून गुंडाळली. मोठा रांजण अंगणात एकटाच ऐटीत उभा होता.

सूर्य डोक्यावर यायच्या आत आवाज आला, टक्.

एवढासाच. काठापासून पोटापर्यंत केसासारखी रेघ. कुंभारणीनं त्या रेघेवरून बोट फिरवलं, अगदी सावकाश. सुनेला वाटलं आता ती रागावेल. पण कुंभारीण कुंपणाकडे वळली.

"बघत काय उभी राहिलीस?" ती तेलवालीला म्हणाली. "घरातली पोती आण. भिजवून आण!"

या खेपेला वारा चांगला नऊ दिवस राहिला. नऊ दिवस सून पहाटे उठून वाडगे भरत होती, पोती भिजवत होती, रोज थोडी थोडी सैल करत होती. या नऊ दिवसांत सासू एकदाही तिचं काम तपासायला आली नाही. वाऱ्याबद्दल काही विचारायचं झालं की फक्त विचारायची, "आज पाहुणा काय म्हणतोय?" दहाव्या दिवशी वारा पडला, तेव्हा त्यांनी रांजण भाजले. सतरा रांजणांवर टिचकी मारली, सतराही खणखणीत वाजले. अठराव्यात कोंबडी अंडी घालू लागली.

त्या संध्याकाळी कुंभारीण उंबऱ्यावर टेकली. नऊ दिवसांत तिचे ओठही टाचांसारखे फुटले होते.

"पाणी पाजूनसुद्धा तुझ्या पाहुण्यानं माझे ओठ पिऊन टाकले बघ," ती म्हणाली.

सुनेनं आतून तुंबा आणला. नखानं लोणी खरवडलं आणि सासूच्या ओठांना लावलं, आई लावायची तसंच, आधी मधोमध, मग दोन्ही कडांना. हे करताना तिचे डोळे भरून आले. कुंभारणीनं ते पाहिलं आणि दुसरीकडे बघितलं. तेवढं तिला कळत होतं.

"वास बरा आहे," थोड्या वेळानं ती म्हणाली. "तुमच्याकडे पहाटे खरंच शेकोटी लागते?"

"हो, आई. घोंगडीसुद्धा."

"या उकाड्याच्या जगात? घोंगडी? सांग बघू."

सून सांगू लागली. आल्यापासून इतकं ती कधीच बोलली नव्हती. अंधार पडल्यावर कुंभारीण गुडघ्यावर हात ठेवून उठली. "हा वारा तुझा," ती म्हणाली. "पण पाऊस माझा. त्याच्याबद्दल मलाच विचारायचं."

"हो, आई," सून म्हणाली. दोघीही हसल्या.

पुढच्या वर्षी एका पहाटे तुंब्यातलं लोणी पुन्हा घट्ट झालं. सून धावत दारात गेली. उंबऱ्याबाहेर पाण्यानं काठोकाठ भरलेला वाडगा आधीच ठेवलेला होता. सासू पलीकडे अंगण झाडत होती, जणू तिला त्यातलं काहीच ठाऊक नाही.

आता त्या गावात रांजण राहिले नाहीत. घराघरांत पत्र्याची पिंपं आली. उलट्या पावलांनी फिरणारी कुंभारीणही नाही. पण धुळीचा वारा सुटला की काही म्हाताऱ्या अजून दाराबाहेर वाडगाभर पाणी ठेवतात, आणि घरात नवी सून असेल तर तिला जवळ बसवून विचारतात, "तुमच्याकडे गं, हवा कशी असते?"

तात्पर्य: एका ऋतूत चुकलेल्या माणसाला दुसऱ्या ऋतूत बोलू द्यावं, कदाचित तो ऋतू त्याच्याच गावाहून आलेला असेल.