गारमाळावरची पांढरी छपरं

गारमाळावरच्या घरांत वाकूनच शिरावं लागतं. छप्पर कमरेपर्यंत उतरलेलं, गवताचा थर हातभर जाड. पौषातल्या त्या सकाळी दावजीबाबा पाहुण्यांना वाडी दाखवत होते, पण त्यांची नजर ठरत नव्हती. या छपरावरून त्या छपरावर फिरत होती. त्याचं कारण म्हणून ते एक जुनी हकिकत सांगू लागले.

फार मागे म्हणे वाडीच्या पाटलाने हौसेने उंच घर बांधलं. छप्पर एवढं मोठं झालं की गवत पातळ पसरावं लागलं. थंडीत दव गोठून हिव पडे, साऱ्यांची छपरं पांढरी होत, पाटलाचं तेवढं काळं राही. देव माझ्या घरावर हिव टिकू देत नाही, असं तो चारचौघांत सांगे. लोकही माना डोलावत.

आत त्याची सून सगुणा कुडकुडत असे. दोन लेकरं तिने पौषातच मातीआड केली होती. तिसरी मुलगी बारा दिवसांची झाली आणि पुन्हा पौष लागला. चूल धगधगती, तरी बाळाचे पाय गार. ऊब जाते कुठे हे कळल्याशिवाय पाठ टेकणार नाही, अशी तिने आण घेतली म्हणतात. तिने भिंती चाचपल्या, फटी लिंपल्या, दाराला घोंगडी लावली. जीव थाऱ्यावर नव्हता.

एका सकाळी ती बाळाला घेऊन शेजारच्या कोंडाईच्या बुटक्या खोपटात गेली. चुलीत चार निखारे, तरी घटकाभरात बाळाचे पाय कोमट झाले. बाहेर येऊन तिने वर पाहिलं. खोपटाचं छप्पर पांढरंशुभ्र होतं. पाटलाच्या छपरातून वाफ निघत होती.

सासऱ्यासमोर ती कधी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली.

"मामंजी, हे हिव देव न्हाई वितळवत. माज्या लेकरांची ऊब वितळवती."

पाटलाने बाळाच्या पायाला हात लावला आणि स्वतःच शिडी लावली. उंच वासे उतरले, छप्पर बुटकं झालं. गवत कमी पडलं, ते घराघरातून आलं. चौथ्या सकाळी पाटलाचं छप्पर पहिल्यांदा पांढरं झालं, आणि सगुणा लेकीला कुशीत घेऊन दुपारपर्यंत झोपली.

आजही पौषात उजाडताच वाडीतली जाणती माणसं छपरं बघत फिरतात. ज्याचं काळं दिसेल त्याच्याकडे घरटी एक भारा गवत जातं, पहिला पाटलाच्या घरचा. दावजीबाबा त्याच घरातले. सांगता सांगता ते थांबले. टोकाच्या घरात नवी बाळंतीण होती, आणि तिच्या आढ्याजवळ वीतभर काळं दिसत होतं. पाहुण्यांना तिथेच सोडून बाबा गवताच्या गंजीकडे निघाले.