सुगरण पक्षी आणि तीन झोके

मुलांनो, एका जंगलात मोठं तळं होतं आणि त्या तळ्याच्या काठी एक सुगरण पक्षी राहायचा. नाव बाईचं वाटतं, पण ते लोंबतं घरटं विणतो तो नरच. तेव्हा उगाच मला दुरुस्त करू नका. घरटी विणून देणं हाच त्याचा धंदा होता. ज्यांना विणायला जमत नाही ते पक्षी त्याला घरटं सांगायचे, तो त्यांच्या झाडावर जाऊन विणायचा आणि बदल्यात चार दाणे घ्यायचा.

या धंद्याची एक जुनी रीत होती. घरटं अर्धं झालं की तो थांबायचा आणि गिऱ्हाइकाला बोलावून घ्यायचा. गिऱ्हाईक लांब शेतात दाणे टिपत असलं तरी त्याला यावंच लागे. त्याने आत बसायचं, पायांनी घट्ट धरायचं आणि जोर लावून तीन झोके घ्यायचे. घरटं टिकलं तर पुढचं विणकाम, तुटलं तर सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. दहातली दोन तरी तुटायचीच. कधी फांदीवरची गाठ सरकायची, कधी गवताची एखादी पात वाळकी निघायची. सुगरण पक्षी चरफडायचा, पण पुन्हा विणायला बसायचा. झोके घेताना पडणाऱ्याला पंख असतात, अंड्यांना नसतात, एवढं त्याला कळत होतं.

पण गिऱ्हाइकं तरी किती येणार? हाक ऐकू जाईल तेवढीच. पलीकडच्या काठाला तर त्याचं नावही कुणाला ठाऊक नव्हतं. एक दिवस शहरात राहून आलेलं एक कबुतर त्याच्यासाठी मोबाईल घेऊन आलं. आता पक्ष्यांकडे मोबाईल कुठून, असं विचारू नका. गोष्टीतला कोल्हा बोलतो तेव्हा विचारता का? मग गप्प ऐका. जंगलात एव्हाना सगळ्यांकडे मोबाईल होते, हाच तेवढा मागे राहिला होता.

"अरे, कुठल्या काळात राहतोस?" कबुतर म्हणालं. "याच्यावर घरट्यांचे फोटो टाक. सगळं जंगल बघेल. आणि येणाऱ्या निरोपांना उत्तरं देत बसायचीही गरज नाही. मी एक छान उत्तर भरून ठेवतो, मोबाईल आपला आपणच पाठवत राहील."

खोटं कशाला बोलू, मोबाईलने त्याचं सुरुवातीला भलंच झालं. पलीकडच्या काठावरून मागण्या आल्या. घरटं झालं का, हे विचारायला जी चिमणी चार-चार खेपा घालायची, तिला घरबसल्या फोटो दिसू लागला. सुगरण पक्ष्याला दिवसभर काम मिळू लागलं. असं होतं तेव्हा कुणाला आनंद होणार नाही?

मग एका घाईतल्या गिऱ्हाइकाने कळवलं, "झोके घ्यायला कोण येतंय आता! फोटो पाठव, तेवढ्यावर भागेल." त्याने पाठवला आणि भागलं. दुसऱ्याचंही भागलं. तिसऱ्याला त्याने बोलावलंच नाही. अर्ध्यावर थांबायचं नाही, वाट बघायची नाही, उसवायचं तर नाहीच! जेवढ्या वेळात एक घरटं व्हायचं तेवढ्यात आता तीन होऊ लागली.

"माझा हात किती बसलाय बघ," तो कबुतराला म्हणाला. "या मोसमात माझं एकही घरटं तुटलं नाही."

"मग तसं लिही ना फोटोखाली!" कबुतर म्हणालं. त्याने लिहिलं.

तुटेल कसं, मुलांनो? ओढूनच कुणी बघितलं नव्हतं! आणि हा शहाणा समजत होता की आपलं काम सुधारलं. मला हे सांगतानासुद्धा राग येतो.

पलीकडच्या काठावर एक मुनिया होती. चिमणीहूनही लहान पक्षी तो. मागच्या वर्षी सापाने तिची सगळी अंडी गिळली होती आणि ती जवळच्याच फांदीवर बसून बघत राहिली होती. म्हणून यंदा तिने पाण्यावर लोंबणारं घरटं सांगितलं, जिथवर साप पोहोचणार नाही. घरटं अर्धं झालं असेल असा अंदाज बांधून तिने निरोप धाडला, "दादा, झोके घ्यायला येऊ का? शेतातून यायला अर्धा दिवस मोडेल, पण येते."

तो निरोप त्याने वाचला, कारण नवीन किंवा चालू कामाचे निरोप तो स्वतः वाचायचा, पुरं झालेल्या कामाचे मोबाईलवर सोडायचा. त्याने लिहिलं, "कशाला ताई एवढी दगदग? फोटो बघा. यंदा माझं एकही तुटलेलं नाही." फोटो खरंच सुरेख होता. हिरवंगार गवत, खाली निळं पाणी. फांदीवरची गाठ तेवढी पानांआड गेली होती. मुनियेने तो फोटो शेजारणींना दाखवला, पुन्हा पुन्हा स्वतः पाहिला आणि घरटं पुरं झाल्यावर येऊन त्यात पाच अंडी घातली.

चौथ्या दिवशी तिने कळवलं, "दादा, वारा आला की वरून करकर आवाज येतो. जरा बघून जाता का?"

मोबाईलने लगेच उत्तर दिलं, "आपलं समाधान हाच आमचा आनंद! धन्यवाद."

दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं, "आवाज वाढलाय. मी अंड्यांवर बसलेय, उठता येत नाही, नाहीतर मीच आले असते." मोबाईलने पुन्हा तेच उत्तर दिलं. तिसऱ्या दिवशीचा निरोप अगदी छोटा होता, "दादा, एकदा या हो." त्यालाही समाधान आणि आनंदच मिळाला. सुगरण पक्षी तेव्हा अलीकडच्या काठावर एका नव्या घरट्याचा फोटो काढत होता.

त्याच दुपारी वारा सुटला. गाठ सरकली आणि घरटं पाण्यात पडलं. मुनिया कशीबशी बाहेर निघाली. अंडी तळ्यात गेली.

काठावरच्या बगळ्याने ते पाहिलं आणि तो तडक सुगरण पक्ष्याकडे आला. "मुनियेचं घरटं पडलं. पाचही अंडी गेली. ती तुला तीन दिवस सांगत होती म्हणे. तू निरोप वाचत नाहीस का रे?"

सुगरण पक्ष्याने मोबाईल उघडला. तिचे तिन्ही निरोप तिथे होते आणि प्रत्येकाखाली त्याच्या नावाने गेलेलं ते गोड उत्तर. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की बगळ्याकडे मान वर करून बघवेना. आणखी किती जणींनी काय काय लिहून ठेवलं असेल, देव जाणे!

त्याने ते भरून ठेवलेलं उत्तर पुसलं. मग स्वतः, एकेक शब्द जुळवून, सगळ्या गिऱ्हाइकांना कळवलं, "माझ्या घरट्यांचा भरवसा राहिलेला नाही. मी येतोय. तोवर कुणी आत बसू नका, अंडी घालू नका. ज्यांनी घातली असतील त्यांनी आत्ता कळवा." निरोप क्षणात सगळ्या तळ्यावर पोहोचला. सात जणींनी लगेच उत्तर दिलं. तो सातही झाडांवर गेला, अंडी अलगद बाजूला काढून प्रत्येक घरटं स्वतः ओढून बघितलं. दोन जागच्या जागी सुटली. ती त्याने नव्याने बांधली आणि त्या दोघींची अंडी वाचली. बाकीच्यांनी मात्र साधं उत्तरही दिलं नाही. त्या दुसरीकडे निघून गेल्या.

सगळ्यात शेवटी तो मुनियेकडे गेला. जायचं धाडस त्याला त्याआधी झालंच नव्हतं. चोचीतलं ओलं गवत त्याने फांदीवर ठेवलं.

"ताई, चुकलो मी. नवं विणून देतो. दाणे नकोत, काही नको. तुम्ही हवं तितकं ओढून बघा."

मुनिया रागावली नाही, ती रागावली असती तर त्याला बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "विणा, दादा. दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडेल. माझे अंडी घालायचे दिवस यंदा सरले."

एवढं बोलून ती पाण्याकडे बघत बसली. विणायला घ्यावं की निघून जावं, ते सुगरण पक्ष्याला कळेना.

तात्पर्य : गिऱ्हाइकापर्यंत पोहोचायला नवं साधन जरूर वापरावं, पण आपलं काम पारखून घेणं आणि गिऱ्हाइकाचं गाऱ्हाणं ऐकणं, ही दोन कामं त्या साधनाच्या गळ्यात टाकू नयेत.