केरबाचं हेल्मेट आणि दिगूचं लग्न

एका गावात केरबा नावाचा एक भोळा गडी राहायचा. सांगितलेलं तो कधी विसरायचा नाही, हीच त्याची खोड. "जरा थांबा हं," म्हणून कुणी निघून गेलं, तर हा संध्याकाळपर्यंत तिथंच उभा.

त्याच्या मेव्हण्याचं, दिगूचं लग्न ठरलं. लग्न नदीपलीकडच्या बोरवाडीत, मुलीच्या दारी. मुलीचा बाप रंगराव. भला माणूस, पण राग नाकावर. कुणी त्याच्या मिशीला हसलं, तर भरल्या ताटावरून उठणारा. केरबाची बायको यमुना माहेरच्यांबरोबर आदल्या दिवशीच पुढं गेली. जाताना तिनं नवऱ्याच्या हातात नवंकोरं हेल्मेट ठेवलं.

"अवो, गाडीवरनं या. पण हे डोक्यावर पायजे. कुणी काय बी म्हणू द्या, काढायचं न्हाई. आन माझ्या भावाच्या लग्नात घोळ घालू नका."

"घोळ न्हाई घालत. हेल्मेट घालतो," केरबा म्हणाला.

सकाळी उठून त्यानं हेल्मेट घातलं. मग अंघोळ केली. मग चहा प्यायला. थोडा पोटात गेला, बाकीचा शर्टावर. शर्ट बदलला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि गाडीला किक मारली.

वाटेत पेट्रोल पंप लागला. हातात नळी घेऊन एक ताई उभ्या होत्या.

"काका, हेल्मेट काढा."

"काढायचं न्हाई."

"का?"

"बायकोनं सांगितलंय."

"इथं मालकाचं चालतं. ती पाटी बघा. हेल्मेट असेल तर पेट्रोल नाही."

"ताई, हेल्मेटला पेट्रोल नकोच हाय. गाडीला पायजे."

मागं रांगेतले हॉर्न वाजवायला लागले. ताईंनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, परवा असाच एकजण डोकं झाकून आला. टाकी फुल्ल केली आणि पळाला. कॅमेऱ्यात बघावं तर काय, नुसतं डबडं! म्हणून सांगते. पंप दिसला की गाडी बंद करायची, खाली उतरायचं, डोक्यावरचं काढायचं आणि तोंड दाखवायचं. कुणी का असेना."

"असं व्हय! मग आधी सांगायचं," केरबा म्हणाला. त्यानं हेल्मेट काढलं, ताईंना तोंड दाखवलं, रांगेतल्या सगळ्यांनाही दाखवलं. पेट्रोल मिळालं. हेल्मेट परत डोक्यावर चढवून तो निघाला.

पुढं रस्त्याकडेला वांग्याचं वावर होतं. एक शेतकरी औषध मारत होता. पाठीवर फवारणीचा पंप, डोकं आणि तोंड पंच्यानं गच्च बांधलेलं.

पंप! केरबानं करकचून ब्रेक दाबला. गाडी बंद केली. खाली उतरला. हेल्मेट काढलं आणि बांधावर उभं राहून तोंड दाखवलं.

शेतकरी बघतच राहिला. "काय पायजे पाव्हणं?"

"माझं झालं. आता तुमचं दाखवा."

"माझं काय?"

"तोंड. पंप हाय न्हवं तुमच्यापाशी?" असं म्हणून केरबानं त्याचा पंचा ओढला.

औषध शेतकऱ्याच्या नाकात गेलं. तो शिंकायला लागला तो थांबेचना.

"अरं येड्या... आक्छी... फवारा उडताना कुणी तोंड उघडं... आक्छी... फवारा दिसला की नाक-तोंड झाकायचं! आपलं झाकायचं, शेजारी असंल त्याचं बी झाकायचं!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं," केरबा म्हणाला. त्यानं स्वतःच्या हातानं पंचा पुन्हा बांधून दिला, चांगली गाठ मारून, हेल्मेट डोक्यावर चढवलं आणि गाडीला किक मारली.

बोरवाडीत मांडवाच्या दारात नव्या साडीतल्या दोन मुली पाहुण्यांवर गुलाबपाण्याचा फवारा उडवत होत्या. शेजारी रंगराव हात जोडून उभे होते, मिशीला पीळ देऊन.

फवारा! केरबानं हेल्मेटची काच खट्‌दिशी खाली पाडली. मग खांद्यावरचं उपरणं काढलं आणि मागून जाऊन रंगरावांच्या नाकातोंडाला करकचून बांधलं.

"श्वास घिऊ नका! औषध हाय!"

रंगरावांनी उपरणं ओरबाडून काढलं. मिशीचं एक टोक वर गेलेलं, दुसरं खाली.

"कोण हाय ह्यो? आवरा त्याला! आणखी एक घोळ झाला, तर वऱ्हाड माघारी!"

दिगूचा चेहरा पडला. यमुना धावत आली. तिनं नवऱ्याच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून घेतलं आणि त्याला बाजूला ओढलं.

"अवो, लग्नात कुणी तोंड झाकतं व्हय? माणसं तोंडं बघायलाच आल्यात. कुणाच्या तोंडापुढं काय आलं, तर उलट बाजूला करावं!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं," केरबा म्हणाला.

मुहूर्त जवळ आला. दिगू पाटावर उभा राहिला. त्याच्या मागं दाजींचा मान म्हणून केरबा. समोर नवरी आली. दोन पाहुण्यांनी मध्ये अंतरपाट धरला आणि गुरुजींनी पहिल्या मंगलाष्टकाला तोंड फोडलं.

केरबानं बघितलं. दिगूच्या तोंडापुढं कापड. नवरीच्याही तोंडापुढं तेच कापड. त्यानं हात लांबवला आणि अंतरपाट ओढून घेतला.

अंतरपाट गेला म्हणताना लोकांनी मूठमूठ अक्षता उधळल्या. बँड सुरू झाला. मागची मंडळी पंगत धरायला पळाली.

"थांबा! थांबा! लग्न लागलेलं नाही!" गुरुजी ओरडले. रंगरावांच्या मिशीची दोन्ही टोकं थरथरत होती. गुरुजींनी अंतरपाट पुन्हा धरायला लावला आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात बजावलं, "मी सावधान म्हटल्याशिवाय हातातलं सोडायचं नाही! आणि सावधान म्हटलं, की धरून ठेवायचं नाही!"

"असं व्हय! मग आधी सांगायचं," केरबा पुटपुटला.

यमुनेनं त्याला दंडाला धरून पार मांडवाच्या टोकाला नेलं. तिथं वाऱ्यानं मधल्या मोठ्या खांबाच्या दोराची मेख उपटली होती. मांडववाला दोर धरून घामाघूम झाला होता.

"पाव्हणं, एवढा दोर धरता का? मी दुसरी मेख आणतो."

केरबानं दोर दोन्ही हातांनी धरला. यमुनेनं सुटकेचा निःश्वास सोडला. आता ह्यांचे हात अडकले, आता काय होतंय? ती निवांत मनानं भावाच्या पाठीशी जाऊन उभी राहिली.

मंगलाष्टकं पुन्हा सुरू झाली. गुरुजींनी सूर लावला, ताणला आणि म्हणाले, "शुभमंगल... सावधान!"

केरबानं दोर सोडला.

खांब कलला. मांडवाचं कापड हळूहळू, फुगत फुगत खाली आलं आणि सगळ्या लग्नावर बसलं. आत कुठं फेटे वर आले, कुठं नारळ गडगडले. कुणाची करवली कुणाला सापडेना. पण मुहूर्त टळू नये म्हणून गुरुजी कापडाखालूनही थांबले नाहीत. चाचपत चाचपत हार गळ्यांत पडले. मग आतून नवरीचं खुदकन हसू आलं. मग दिगूचं. आणि मग मिशीतून आल्यासारखं रंगरावांचं, दणदणीत. ते हसले म्हणताना सगळा मांडव हसायला लागला. कापड नुसतं गदागदा हलत होतं.

बाहेर एकटा केरबा उभा होता, दोन्ही हात मोकळे. त्यानं तोंडाभोवती हात धरून आत हाक मारली,

"गुरुजी, सोडलं बरं का! आता पुढच्या सावधानला काय सोडू?"